पडद्यावरचे गाणे कोणाचे?

दिवाळी सरून धानाची कापणी लागली की आमच्या गोंदिया जिल्ह्यात गावोगावी मंडई भरू लागते, आणि मंडईच्या रात्री झाडीपट्टीचे नाटक हे ठरलेलेच. पहाटेपर्यंत चालणाऱ्या त्या नाटकात पेटी-तबल्याच्या साथीवर नट स्वतः गातो. गळा बसला असेल तर बसलेल्या गळ्याने गातो, आणि पद आवडले तर प्रेक्षक ‘वन्स मोअर’ देतात तो त्याच नटास. गाणे कोणाचे, हा प्रश्न तेथे सहसा कोणी काढीत नाही. चित्रपटातील गाण्याविषयी हाच प्रश्न वर्गात घालावा, तर बहुतेक विद्यार्थी नटाचे किंवा नटीचे नाव सांगतात. काही गायकाचे सांगतात. संगीतकाराचे क्वचित् कोणी. कवीचे नाव सांगणारा विद्यार्थी आम्हांस विरळाच भेटतो. यास्तव या विषयाची थोडी फोड करावी असे योजिले आहे.

आरंभी चित्रपटाची रीत नाटकासारखीच होती. 1931 साली ‘आलम आरा’ हा आपल्या देशातील पहिला बोलपट निघाला, आणि पुढल्याच वर्षी ‘प्रभात’ मंडळीने मराठीत ‘अयोध्येचा राजा’ आणिला. त्यातील हरिश्चंद्राची भूमिका गोविंदराव टेंबे यांची होती आणि संगीतही त्यांचेच. तारामतीच्या भूमिकेत दुर्गाबाई खोटे होत्या, आणि गात होत्या त्या स्वतःच. चित्रण आणि गायन एकाच वेळी चाले. वादक मंडळी चित्रचौकटीच्या बाहेर बसत, आणि एखाद्याचा सूर चुकला की सर्व प्रसंग पहिल्यापासून करावा लागे. अशा स्थितीत गळा नसलेल्या नटाचा निभाव कसा लागावा?

यावर तोड निघाली ती कलकत्त्यास. 1935 साली ‘न्यू थिएटर्स’च्या ‘धूप छाँव’ या चित्रपटात गाणे आधी मुद्रित करून घेतले आणि चित्रण मागाहून केले. पुढे ही रीत सर्वत्र रूढ झाली. गाणे प्रथम ध्वनिमुद्रण-मंदिरात सिद्ध होते; चित्रणाच्या जागी ते मोठ्याने लावितात आणि नट त्याबरहुकूम केवळ ओठ हलवितो. यास पार्श्वगायन म्हणतात. पार्श्व म्हणजे बाजू. शब्द मोठा अचूक आहे, कारण ज्याचा गळा तोच या रीतीने बाजूस पडला.

किती बाजूस, हे ‘महल’ या 1949 सालच्या चित्रपटावरून कळते. त्यातील अतिशय गाजलेल्या गीताच्या तबकडीवर गायिका म्हणून नाव छापले होते ‘कामिनी’. आता कामिनी हे तर कथेतील पात्र! पडद्यावर त्या मधुबाला, आणि आवाज लता मंगेशकर यांचा. तबकडीवर मात्र या दोघींपैकी एकीचेही नाव नव्हते. पुढे गायकांची नावे तबकड्यांवर येऊ लागली, तरी ‘फिल्मफेअर’ पुरस्कारांत पार्श्वगायनास स्वतंत्र स्थान मिळण्यास 1959 साल उजाडावे लागले. तो पहिला मान ‘मधुमती’तील गीताबद्दल लताबाईंनाच मिळाला.

गेल्या सुटीत आम्ही ‘कट्यार काळजात घुसली’ हा 2015 सालचा चित्रपट पुन्हा पाहिला. या कथेचा आमच्या विदर्भाशी जवळचा संबंध आहे. मूळ नाटक नागपूरच्या पुरुषोत्तम दारव्हेकर मास्तरांचे. ते 1967 साली रंगभूमीवर आले. त्यास संगीत पंडित जितेंद्र अभिषेकी यांचे, आणि खाँसाहेबांची भूमिका केली ती मूर्तिजापुरात जन्मलेल्या डॉ. वसंतराव देशपांडे यांनी. वसंतराव रंगमंचावर खाँसाहेब म्हणून वावरत आणि खाँसाहेब म्हणूनच गात. चित्रपटात हीच भूमिका सचिन पिळगांवकर यांनी केली आहे, आणि गळा आहे वसंतरावांचे नातू राहुल देशपांडे यांचा. आजोबा ज्या भूमिकेत लोकांसमोर उभे राहिले, त्याच भूमिकेत नातू पडद्याआड उभा आहे. तद्वत् सदाशिवाचे काम सुबोध भावे यांचे, तर गाणे महेश काळे यांचे. राष्ट्रीय पुरस्कार मिळाला तो काळे यांना. पंडितजींच्या भूमिकेत मात्र शंकर महादेवन स्वतःच दिसतात आणि स्वतःच गातात. एकाच चित्रपटात दोन्ही रीती शेजारी शेजारी पाहावयास मिळतात, म्हणून विद्यार्थ्यांनी तो अवश्य पाहावा. त्या मागोमाग ‘मी वसंतराव’ हा 2022 सालचा चित्रपट पाहिल्यास अधिक गंमत येईल, कारण तेथे नातू आजोबांच्या भूमिकेत प्रत्यक्ष समोर येऊन गातो. ओठ आणि आवाज एकाच माणसाचे असले म्हणजे मानेची शीर, श्वासाची ओढ, डोळ्यांची उघडझाप ही सारी गाण्याबरोबर चालतात. हा भेद नीट पाहणाऱ्यास दिसतो. आम्हांस तो दिसला.

गायकाचे नाव निदान आता लोकांच्या ओठी आहे. कवीचे तेवढेही नाही. आमच्या संतांनी याची तजवीज फार पूर्वी करून ठेविली होती. अभंगाच्या शेवटी ‘तुका म्हणे’ अशी मुद्रा असते. कोणीही गावो, कोठेही गावो, कर्त्याचे नाव गाण्याबरोबरच प्रवास करिते. चित्रपटगीतास अशी मुद्रा नसते. 1936 सालच्या ‘संत तुकाराम’ या चित्रपटात विष्णुपंत पागनीस यांनी गाइलेले बीज आणि वृक्ष यांविषयीचे एक पद आहे. ते इतके तुकोबांच्या वळणाचे उतरले की ते त्यांचेच असावे असा अनेकांचा समज झाला. वस्तुतः ते ‘प्रभात’चे कवी शांताराम आठवले यांनी चित्रपटासाठी रचिले, आणि त्यास चाल केशवराव भोळे यांनी दिली. कवीस याहून मोठी पावती कोणती? आणि त्याचे नाव पुसून टाकणारी याहून मोठी आपत्ती तरी कोणती!

दुसरे उदाहरण तर शाळांतीलच आहे. ‘दो आँखें बारह हाथ’ या 1957 सालच्या चित्रपटातील प्रार्थना कित्येक शाळांत सकाळी म्हटली जाते. ती भरत व्यास यांनी लिहिली, वसंत देसाई यांनी तिला चाल दिली, लताबाईंनी ती गाइली आणि पडद्यावर ओठ हलले ते संध्या यांचे. चार माणसांच्या श्रमांची ही वस्तू. ती म्हणणाऱ्या मुलांपैकी किती जणांस यातील दोन नावे तरी सांगता येतील?

येथे केवळ नावाचाच प्रश्न आहे असे पालकांनी समजू नये, पोटाचाही आहे. 1977 साली सर्वोच्च न्यायालयाने असा निर्णय दिला की, निर्मात्याने मोबदला देऊन चित्रपटासाठी गीत व चाल करवून घेतली असता, उलट करार नसल्यास, तिचा पहिला धनी निर्माताच होय. मग ते गाणे आकाशवाणीवर वाजो की उपाहारगृहात वाजो, कवीस त्याबद्दल मागण्याचा हक्क उरला नाही. ही स्थिती पस्तीस वर्षे टिकली. 2012 साली स्वामित्वहक्काच्या कायद्यात सुधारणा झाली. राज्यसभेत तीसाठी कवी जावेद अख्तर यांनी स्वतः बाजू मांडिली. आता चित्रपटगृहात चित्रपटाबरोबर होणारा वापर वगळून अन्य वापराच्या उत्पन्नात गीतकार व संगीतकार यांचा निर्मात्याबरोबर समान वाटा आहे, आणि हा वाटा वारसाखेरीज किंवा हक्क वसूल करणाऱ्या त्यांच्या संस्थेखेरीज दुसऱ्या कोणास लिहून देता येत नाही. वहीच्या मागल्या पानावर कविता लिहिणाऱ्या मुलास ‘याने का पोट भरते?’ असे विचारणाऱ्या वडील मंडळींनी ही गोष्ट ध्यानी घ्यावी.

हे सर्व वाचून एखादा चतुर विद्यार्थी विचारील, की स्वतःचे नाव आपण होऊन लपविणारा कलावंत कोणी झालाच नाही काय? झाला आहे. भालजी पेंढारकरांच्या ‘साधी माणसं’ या 1965 सालच्या चित्रपटाचे संगीतकार नामावलीत ‘आनंदघन’ म्हणून दिले आहेत. त्या संगीतास महाराष्ट्र शासनाचा पुरस्कार लाभला, आणि आनंदघन म्हणजे कोण हे उघड झाले. ज्यांचे नाव एका तबकडीवरून वगळले गेले होते, त्याच लताबाईंनी हे टोपणनाव घेतले होते.