बारावीनंतर परदेशी जायचे तर स्वीडन की फिनलंड?



पूर्वी आमच्याकडे येणारे प्रश्न ठरलेले असत. उसाची नोंद कधी लागणार, तोडणीची टोळी कधी येणार, बिल केव्हा निघणार. आता त्यात एकाची भर पडली आहे. बारावी झालेल्या पोरापोरींना बरोबर घेऊन पालक येतात आणि विचारतात, "याला स्वीडनला पाठवू का फिनलंडला?" फोनवर दोन वाक्यांत उत्तर देण्यासारखी ही गोष्ट नाही, म्हणून या अंकात जरा सविस्तर लिहितो.

हे दोन देश युरोपच्या उत्तर टोकाला एकमेकांना लागून आहेत. स्टॉकहोमहून संध्याकाळी बोटीत बसले की सकाळी फिनलंड. थंडी दोन्हीकडे सारखीच. डिसेंबरात हेलसिंकीला दिवस जेमतेम सहा तासांचा, उत्तरेकडे त्याहूनही लहान. तेव्हा थंडीवरून निवड करू नये.

निवड करायची ती पैसा, भाषा आणि पदवीनंतरचे दिवस या तीन गोष्टींवरून.

आधी पैशाचे बघू. "तिकडे शिक्षण फुकट असते" असे अजूनही सांगितले जाते, पण ते आपल्या पोरांना लागू नाही. युरोपीय संघाबाहेरच्या विद्यार्थ्यांना स्वीडनने २०११ पासून आणि फिनलंडने २०१७ पासून फी लावली आहे. स्वीडनमध्ये ती वर्षाला साधारण ८० हजार ते १ लाख ४० हजार क्रोनर, काही शाखांना त्याहून जास्त. फिनलंडमध्ये पुष्कळ ठिकाणी ८ ते १२ हजार युरो, काही ठिकाणी बरीच वर. खाण्यापिण्या-राहण्याचा पैसा वेगळा, आणि तो आहे हे परवान्याच्या वेळी दाखवावे लागते. फिनलंडने ही रक्कम नोव्हेंबर २०२४ पासून महिन्याला ५६० वरून ८०० युरो केली. स्वीडनमध्ये २०२५ साली ती साडेदहा हजार क्रोनरच्या आसपास होती.

युरो शंभर रुपये धरला तर फिनलंडचे पहिले वर्ष वीस लाखांच्या घरात जाते. स्वीडनचेही फार कमी नाही. वीस लाख म्हणजे किती? २०२५-२६ च्या हंगामासाठी केंद्राने ठरवलेली एफआरपी सव्वादहा टक्के उताऱ्याला टनाला ३,५५० रुपये. त्या हिशोबाने तोडणी-वाहतूक वजा न करताही साडेपाचशे टनांहून जास्त ऊस झाला. एकरी चाळीस टन धरले तर चौदा एकरांचे पीक, आणि तेही एका वर्षाला. खत, पाणी, मजुरी, सोसायटीचा हप्ता यातले काहीच अजून धरलेले नाही. आपल्यातले बहुतेक सभासद दोन-तीन एकरवाले. म्हणजे कर्ज आले आणि सातबारावर बोजा आला. म्हणून आम्ही म्हणतो, फीमाफीचे पत्र हातात आल्याशिवाय पाऊल टाकू नये. हुशार विद्यार्थ्याला दोन्हीकडे फीत सवलत मिळते, कुठे निम्मी तर कुठे पूर्ण. पण ती मार्कांवर मिळते, ओळखीवर नव्हे.

आमच्या एका सभासदाला एजंटाने सांगितले, "पोरगं तिकडं काम करून फी काढतंय, तुम्ही नुसतं पाठवा." फिनलंडमध्ये विद्यार्थ्याला आठवड्याला सरासरी तीस तास काम करायची मुभा आहे, हे खरे. पण मुभा असणे वेगळे आणि काम मिळणे वेगळे. २०२५ साली या दोन्ही देशांत बेरोजगारी युरोपीय संघाच्या सरासरीहून बरीच जास्त होती. तिथली पोरेच कामाच्या रांगेत उभी असताना भाषा न येणाऱ्याला कोण आधी घेणार?

खरी मेख भाषेतच आहे. शिकवणी इंग्रजीत मिळते, पण दुकान, दवाखाना, गोठा चालतो तिथल्या भाषेत. स्वीडिश ही इंग्रजीची चुलतबहीण. पाण्याला 'वात्तेन', दुधाला 'म्योल्क'. बरे इंग्रजी येणाऱ्याला दोन वर्षांत कामापुरती येऊ शकते. फिनिशचे घराणेच निराळे. पाणी 'वेसी', दूध 'माइतो'. मात्र मराठी माणसाला तिची एक गोष्ट ओळखीची वाटेल. आपण घर, घरात, घरातून म्हणतो, तसे ते 'तालो', 'तालोस्सा', 'तालोस्ता' म्हणतात. प्रत्यय शब्दालाच चिकटतो, आणि लिहिले तसेच वाचायचे. फक्त आपल्या विभक्त्या आठ आणि त्यांच्या पंधरा! चिकाटी असेल तर येते, पण तीन-चार वर्षांची मेहनत धरावी. नागरिकत्वासाठी तर फिनलंडने भाषेची परीक्षा फार पूर्वीपासून ठेवली आहे.

आता बारावीनंतरच जायचे असेल तर फिनलंडची बाजू जड आहे, असे आमचे मत. तिथे 'उपयोजित विज्ञान विद्यापीठे' नावाची वेगळी व्यवस्था आहे. त्यांत पहिल्या पदवीचे इंग्रजी अभ्यासक्रम बऱ्यापैकी आहेत, साडेतीन-चार वर्षांत पदवी होते आणि प्रत्यक्ष कामाचा अनुभव अभ्यासातच असतो. परवाना पूर्ण पदवीच्या काळाचा मिळतो. पदवीनंतर काम शोधायला दोन वर्षे मिळतात; स्वीडनमध्ये एक वर्षापर्यंत.

स्वीडनमध्ये इंग्रजीतले अभ्यासक्रम मुख्यतः पदव्युत्तर. शिवाय अर्जाला बारावीचे अंतिम प्रमाणपत्र लागते, त्यामुळे आपल्या पोराचे एक वर्ष मध्येच जाते. नोव्हेंबर २०२३ पासून स्वीडनने कामाच्या परवान्यासाठी पगाराची अट देशातल्या मध्यम पगाराच्या ८० टक्क्यांवर नेली. हॉटेलात भांडी घासून ती पुरी होत नाही. म्हणून इथे बी.एस्सी. ॲग्री किंवा इंजिनिअरिंग करून, बावीसाव्या वर्षी उप्साला, लुंड किंवा स्वीडनच्या कृषी विद्यापीठात जाणाऱ्याला स्वीडन चांगले. पैसाही दोनच वर्षांचा लागतो.

जाता जाता एक. फिनलंडच्या 'वालिओ' या शेतकऱ्यांच्या सहकारी दूध संस्थेच्या प्रयोगशाळेचे प्रमुख विर्तानेन यांना १९४५ साली रसायनशास्त्राचे नोबेल मिळाले. त्यांच्या मुख्य कामांपैकी एक म्हणजे हिरवा चारा हिवाळाभर टिकवण्याची पद्धत, आपल्या मुरघासाचीच भावंड. सहकारी संस्थेच्या प्रयोगशाळेत हे झाले, ही आपल्याला अप्रूप वाटावी अशी गोष्ट. दुग्धव्यवसायात रस असलेल्या पोराने तिकडे जरूर बघावे.

दोन्ही देशांचे मुख्य अर्ज जानेवारीत असतात, ऐन गळीत हंगामात, जेव्हा घरात कुणाला बसायला वेळ नसतो. तेव्हा इंग्रजीची परीक्षा आणि मार्कशीटची कामे दिवाळीआधी उरकावीत. अर्ज पोराने स्वतः सरकारी संकेतस्थळावर भरावा. स्वीडनला अर्जाची फी ९०० क्रोनर, फिनलंडला १०० युरो. त्यापलीकडे 'सीट पक्की करण्याचे' म्हणून कुणी पैसे मागितले तर देऊ नयेत. फीमाफीचे पत्र आल्यावर ते घेऊन आमच्याकडे या, बँकेत जाण्याआधी हिशोब एकत्र बसून करू.