गोवराची दुसरी लस विसरू नका

ऑक्टोबर २०२२ च्या अखेरीस गोवंडीच्या रफीकनगर वस्तीत अवघ्या दोन दिवसांत तीन मुले दगावली. तो कुठल्या देवीचा कोप नव्हता. मुंबईत गोवराची साथ आली होती. पुढे ती आपल्या मालाडच्या मालवणीपर्यंत पोहोचली. दिंडोशीपासून मालवणी किती लांब? रेल्वेचे रूळ ओलांडले की आलीच.

ही साथ आभाळातून पडली नाही. २०२० आणि २०२१ मध्ये कोविडची धास्ती व टाळेबंदी यांमुळे असंख्य मुलांच्या लसीच्या तारखा चुकल्या. कुणी गावी गेले, कुणाचा रोजगार बुडाला. मुले वाढत राहिली, लस राहून गेली. गोवराचा एक रुग्ण लस न घेतलेल्या १२ ते १८ जणांना रोग देऊ शकतो. भिंतीला भिंत लागलेल्या वस्तीत त्याला कितीसा वेळ लागणार?

'अंगावर आले आहे' म्हणून मुलाभोवती कडुलिंबाचा पाला ठेवून बसणाऱ्या घरांनी हे ध्यानात घ्यावे. गोवरामागून न्यूमोनिया, जुलाब, कानाचा आजार, क्वचित मेंदूला सूज येते. कुपोषित मुलाची दृष्टीही जाऊ शकते. म्हणून ताप व पुरळ दिसताच डॉक्टरांकडे जावे. गोवर झालेल्या मुलाला 'अ' जीवनसत्त्वाचे डोस दिले जातात.

गोवर-रुबेलाची पहिली लस नऊ महिने पूर्ण झाल्यावर आणि दुसरी १६ ते २४ महिन्यांच्या दरम्यान देतात. नवव्या महिन्यातील लसीने शंभरांतील सुमारे ८५ मुलांना संरक्षण मिळते. उरलेल्या पंधरांत आपले मूल आहे की नाही, हे चेहरा पाहून कळत नाही. म्हणून दुसरी लस हवीच. नेमकी तीच चुकते. मूल चालू-बोलू लागले की आईबापांना वाटते, आता काळजी मिटली.

लस टोचल्यावर आठवडाभराने थोडा ताप किंवा पुरळ येऊ शकते. ते आपोआप जाते. साध्या सर्दी-खोकल्यासाठी लस पुढे ढकलू नये. तारीख चुकली असली तरी पाच वर्षांपर्यंतच्या मुलाला महापालिकेच्या दवाखान्यात ती मोफत मिळते.

माता-भगिनींनो, लसीचे कार्ड रेशनकार्डाबरोबर जपून ठेवा. आणि बंधूंनो, हे काम बायकांचेच असे समजू नका. आज रात्री जेवणानंतर ते कार्ड काढा आणि दुसऱ्या लसीचा रकाना भरलेला आहे का, तेवढे बघा.