दोषाचें अनुकरण

विजेवर चालणारी गिटार हें वाद्य आतां जिल्ह्याच्या गांवींहि अपरिचित राहिलेलें नाहीं. तें वाजविणारा मुलगा थोडा हात बसतांच एका नव्या नादीं लागतो. एक लहानशी धातूची डबी पायाशीं ठेवावयाची, तिची कळ पायानें दाबावयाची, आणि गिटारचा स्वच्छ सूर किंचित् घोगरा, फाटका करून घ्यावयाचा. या डबीला ‘पेडल’ म्हणतात. (नाट्यसंगीताच्या जुन्या श्रोत्यांना पायपेटी आठवेल; पण तेथें पाय भाता चालवी, येथें तो केवळ कळ दाबतो.) घरांतील वडील मंडळी अशा वेळीं विचारतात, कीं चांगला सूर मुद्दाम कां बिघडवावा? प्रश्न रास्त आहे, आणि त्याचें उत्तर मनोरंजक आहे.

ट्रान्झिस्टरचा शोध १९४७ सालीं लागला. तत्पूर्वीं, आणि नंतरहि बरींच वर्षें, क्षीण विद्युत्प्रवाह वाढविण्याचें काम कांचेच्या निर्वात नळ्या करीत. साठी उलटलेल्या वाचकांना घरचा जुना रेडिओ आठवत असेल: बटण फिरविल्यावर आंतल्या नळ्या हळूहळू लाल होत, आणि मग कोठें आवाज येई. नळींतील तापलेल्या ऋणाग्रापासून इलेक्ट्रॉन सुटून धनपट्टीकडे धांवतात. १९०६ सालीं ली द फॉरेस्ट या अमेरिकन संशोधकानें त्यांच्या वाटेवर एक जाळी बसविली. जाळीवरील दाब किंचित् कमीजास्त केला कीं पट्टीकडे जाणारा मोठा प्रवाह त्याच्या हुकमानें कमीजास्त होतो. पाटाच्या तोंडाशीं असलेली फळी हलवून सर्व शेताचें पाणी आवरावें, तसें.

परंतु सूर प्रमाणाबाहेर मोठा झाला कीं नळीला त्याची लाट पेलत नाहीं. लाटेचा माथा चेपतो. तो ती एकदम कापीत नाहीं, गोलसर दाबते. शिवाय वरची व खालची बाजू सारखी दाबीत नाहीं. त्यामुळें मूळ स्वरांत दुप्पट, तिप्पट आंदोलनांचे उपस्वर मिसळतात. मूळ स्वर षड्ज धरला, तर दुप्पट म्हणजे तार षड्ज आणि तिप्पट म्हणजे त्याच्या वरचा पंचम. यंत्रशास्त्राच्या दृष्टीनें हा निव्वळ दोष. रेडिओ बनविणारे तो टाळण्यासाठीं झटले. गिटारवाल्यांना नेमका तोच आवडला.

आपण त्यांना हंसण्याचें कारण नाहीं. आमच्या शेजारच्या सोलापूर जिल्ह्यांतील पंढरपूर भागांत पिकलेले भोपळे मिरजेस जातात व त्यांचे तंबोरे होतात. त्या मिरजेच्या तंबोऱ्याला २०२४ सालीं भौगोलिक मानांकनहि मिळालें. तंबोऱ्याची घोडी धारदार नसते, रुंद व किंचित् उतरती असते. तारेखालीं दोरा सरकवून ‘जवारी’ लावली कीं तार त्या उतारावर स्पर्श करीत कांपते. खर्जाच्या तारेंतून न छेडलेला गांधार ऐकूं येतो, तो पांचव्या उपस्वराचा. साध्या तारेचा नियम असा, कीं ज्या बिंदूवर ती छेडावी, तेथें स्थिर राहणारे उपस्वर उमटूं नयेत. तंबोरा हा नियम मोडतो, हें चंद्रशेखर वेंकट रामन यांनीं १९२१ सालीं प्रसिद्ध केलेल्या निबंधांत दाखविलें.

ज्या यंत्राची ही डबी पुष्कळदां नक्कल करते, तें मार्शलचें यंत्रहि मुळांत नक्कलच होतें! १९६२ सालीं लंडनमधील जिम मार्शल या वाद्यांच्या दुकानदारानें आपल्या साथीदारांकडून अमेरिकेच्या फेंडर कंपनीच्या ‘बेसमन’ ध्वनिवर्धकावरून आपला ध्वनिवर्धक करविला. पहिली नळी अधिक जोरकस घातली, कर्णे निराळे बसविले; आणि आवाजाला स्वतःचा पिंड आला.

डबी करतांना प्रत्येक नळीच्या जागीं एक फील्ड इफेक्ट ट्रान्झिस्टर बसवितात. त्याचें द्वार जाळीसारखेंच, दाबानें प्रवाह आवरणारें. मात्र नळीला अडीचशें-तीनशें व्होल्ट लागत, येथें नऊ व्होल्टांची बॅटरी पुरते. आमच्या घरचा विद्यार्थी पुण्याच्या तपकीर गल्लींतून सुटे भाग आणून याच उद्योगांत आहे. त्याचा खरा कस एकाच ठिकाणीं लागतो: एकाच क्रमांकाचे दोन ट्रान्झिस्टर सारखे निघत नाहींत. म्हणून प्रत्येकाशीं लहानसा फिरता रोधक जोडून, मापकावर पाहात, निर्गमाचा दाब साडेचार व्होल्टांच्या आसपास आणावा लागतो. मग कानानें थोडा सरकवावा लागतो. जवारी लावणाऱ्याचेंहि याहून निराळें नसतें. पाठ्यपुस्तकांतला विजेचा धडा दहा वेळां वाचून जें उमगत नाहीं, तें येथें एका संध्याकाळीं उमगतें, असें माझें मत आहे.

वडीलधाऱ्यांनीं मात्र एक गोष्ट निक्षून सांगावी. माळ्यावरचा नळ्यांचा जुना रेडिओ किंवा ध्वनिवर्धक मुलानें एकट्यानें उघडूं नये. वीज बंद केल्यावरहि त्यांतील संधारकांत शेंकडों व्होल्टांचा दाब सांठून राहूं शकतो, आणि तो प्राणघातक ठरूं शकतो. नऊ व्होल्टांच्या डबींत तो धोका नाहीं.

शेवटीं, ही डबी गाणीं ऐकावयाच्या चांगल्या स्पीकरला सरळ जोडली तर आवाज गांधीलमाशीच्या गुणगुणीसारखा कर्कश येतो, आणि करणारा निराश होतो. वस्तुतः डबी बिघडलेली नसते. गिटारच्या ध्वनिवर्धकाचा मोठा कर्णा सेकंदाला सुमारें ५००० आंदोलनांच्या पुढचे ध्वनि फारसे देतच नाहीं. तें गाळण्याचें काम डबीच्या पुढें दुसऱ्या एखाद्या मंडलाला द्यावें लागतें.