टेकडीचा मालक

अकिलीसचा रुसवा, हेक्टरचा शेवट, लाकडी घोडा हे सगळं आपल्याला पाठ आहे. मला मात्र फार वर्षांपासून नाद आहे तो ट्रॉयच्या मातीवरून एकोणिसाव्या शतकात जुंपलेल्या भांडणाचा, आणि त्यात मागे पडलेल्या फ्रँक कॅल्व्हर्टचा.

दार्दानेल्सच्या काठी स्थायिक झालेल्या इंग्रज घराण्यातला हा माणूस. ट्रॉय बुनारबाशी गावाजवळ होतं, असं त्या काळचे बरेच पंडित मानत. अभ्यासक चार्ल्स मॅक्लारेननं मात्र 1822 मध्ये हिसारलिकच्या टेकडीकडे बोट दाखवलं होतं. कॅल्व्हर्टनं त्या टेकडीचा काही भाग विकतच घेतला. 1863 मध्ये ब्रिटिश म्युझियमकडे पैसे मागितले, नकार आला. मग पदरमोड करून त्यानं चर खणले.

1868 मध्ये गडगंज जर्मन व्यापारी हाइनरिख श्लीमन बुनारबाशीला खणून हात हलवत परतला, त्याची बोट चुकली आणि कॅल्व्हर्टशी गाठ पडली. कॅल्व्हर्टनंच त्याला हिसारलिककडे वळवलं. त्या डिसेंबरात त्यानं कॅल्व्हर्टला लिहिलेलं पत्र म्हणजे प्रश्नांची जंत्रीच आहे. काम केव्हा सुरू करू? तापाची भीती कितपत? घरांत किडे-पिसवा फार, तर तंबू, लोखंडी खाट आणि उशी आणू का? पिस्तुलं लागतील? मजूर ग्रीक घेऊ की तुर्क? उन्हाला टोपी कोणती बरी? आणि टेकडी मानवनिर्मित आहे, हे तुम्ही कशावरून ठरवलंत? हे सगळं विचारणारा गृहस्थ पुढे ट्रॉय शोधल्याचं श्रेय एकट्यानं मिरवतो, याला माझ्या लेखी कोडगेपणा म्हणतात.

कॅल्व्हर्टच्या जमिनीत 1872 मध्ये सूर्यदेवाचं शिल्प निघालं आणि वाटणीवरून दोघांत बिनसलं. पण खरी ठिणगी पडली फेब्रुवारी 1873 मध्ये. ‘लेव्हांट हेरल्ड’ या वर्तमानपत्रात कॅल्व्हर्टनं लिहिलं की निघालेल्या वस्तू एकतर इ.स.पू. 1800 च्या आधीच्या, नाहीतर इ.स.पू. 700 नंतरच्या, होमरच्या युद्धाचा काळ मधल्या मध्ये गायब. श्लीमन भडकला. मे महिन्याच्या अखेरीस त्याला सोनं सापडलं आणि त्यानं ते ट्रॉयचा राजा प्रायम याचा खजिना म्हणून जगजाहीर केलं. पत्नी सोफियानं ते शालीतून नेल्याचंही छापलं. ती तेव्हा अथेन्सला होती. सोनं युद्धाच्या पारंपरिक काळापेक्षा हजारेक वर्षांनी जुनं निघालं.

1890 मध्ये श्लीमनच्याच उत्खननात वरच्या थरात होमरच्या युद्धाच्या काळाशी जुळणारी मायसीनी भांडी मिळाली आणि आपण तो काळ ओलांडून खाली गेलो होतो, हे उघड झालं. त्याच डिसेंबरात तो वारला. 1893-94 मध्ये त्याचा सहकारी डोर्पफेल्ड यानं त्याच थराची, म्हणजे एकावर एक वसलेल्या नगरींपैकी सहाव्या नगरीची तटबंदी मोकळी केली. टेकडीचा माथा ग्रीक-रोमनांनी आधीच सपाट केला होता. उरलेल्यातलं बरंच श्लीमनच्या चरानं खाल्लं.

1908 पर्यंत जगलेल्या कॅल्व्हर्टला हे सारं पाहायला मिळालं. युद्ध खरंच झालं का, यावर आजही एकमत नाही. पण पुरावा कुठे तुटतो हे त्यानं सोनं निघण्याआधीच छापून ठेवलं होतं, आणि मी त्या खजिन्यापेक्षा मोल देतो ते त्या लेखाला.