मळीची व्हिस्की आणि स्कॉचचे वय : एक विवेचन

वारणा खोऱ्यासारख्या ऊसपट्ट्यात मद्यार्क म्हटले की मळी आठवते. भारतात 'व्हिस्की' म्हणून विकल्या जाणाऱ्या अनेक पेयांचा आधारही हाच मद्यार्क असतो. युरोपीय संघाच्या कायद्यात मात्र धान्यापासून बनलेल्या व लाकडी पिंपात किमान ३ वर्षे मुरलेल्या मद्यासच ही संज्ञा लाभते. मळीस तेथे स्थान नाही.

ब्लेंडेड स्कॉच म्हणजे मोड आणलेल्या बार्लीची माल्ट व्हिस्की आणि सौम्य ग्रेन व्हिस्की यांचे मिश्रण होय. १८३० मध्ये इनियस कॉफी यांनी अखंड ऊर्ध्वपातनाच्या यंत्राचे पेटंट घेतले व ग्रेन व्हिस्की स्वस्त झाली. बाटलीवरील '१२ वर्षे' हा आकडा मिश्रणातील सर्वांत कोवळ्या व्हिस्कीचे वय दर्शवितो. सरासरी नव्हे, हे पुष्कळांस ठाऊक नसते. व्हॅनिलासदृश गोडवा ओकच्या लाकडातून उतरतो. धुरकट गंध मात्र बार्ली वाळविताना वापरलेल्या पीट या दलदलीतील जळणाचा असतो.

स्कॉटलंडच्या थंडीत पिंपातून दरवर्षी सुमारे २ टक्के मद्य उडून जाते. गोव्याच्या उष्ण हवेत त्याहून कितीतरी अधिक. त्यामुळे कुंकळ्ळी येथील पॉल जॉन ही माल्ट व्हिस्की थोड्याच वर्षांत परिपक्व होते. तेथे १८-२० वर्षांची अपेक्षा धरल्यास हाती बहुधा रिकामे पिंपच यावयाचे.