हातांना विद्या देणारी शाळा : पाबळचा प्रयोग

“मुलगा शिकला आणि शेतीतून उठला,” असे उद्गार आपल्या खेड्यांतून नेहमी ऐकू येतात. याच्या उलट तक्रारही तितकीच खरी आहे. दहावीत नापास झालेला मुलगा घरी परततो तेव्हा त्याला पुस्तकी विद्या पुरती आलेली नसते, आणि ऐन उमेदीची वर्षे वर्गात गेल्यामुळे हाताचे कसबही अंगी बाणलेले नसते. माध्यमिक शाळा आणि शेतीचा बांध यांच्यामधील ही दरी बुजविता येईल काय? पुणे जिल्ह्याच्या शिरूर तालुक्यातील पाबळ येथे या प्रश्नाचे उत्तर शोधण्याचा जो यत्न झाला, तो प्रत्येक शेतकरी पालकाने समजून घेण्याजोगा आहे.

पाबळ हे अवर्षणप्रवण भागातील गाव. मस्तानीची कबर येथे असल्याने इतिहासाच्या अभ्यासकांस ते परिचित आहे. १९८३ साली डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी येथे विज्ञान आश्रमाची स्थापना केली. अन्नतंत्रज्ञानाचे उच्च शिक्षण अमेरिकेत घेतलेले आणि मुंबईच्या एका मोठ्या उद्योगाच्या संशोधन विभागात उच्च पदावर असलेले हे शास्त्रज्ञ नोकरी सोडून खेड्यात येऊन राहिले. मनुष्य हाताने काम करीत असतानाच स्वाभाविकपणे शिकतो, यावर त्यांची श्रद्धा होती. तिचा कस लावण्यासाठी त्यांनी गावातील माध्यमिक शाळेचे सहकार्य घेतले.

आठवड्यातून एक दिवस

योजना साधी होती. इयत्ता आठवी ते दहावीच्या मुलामुलींनी आठवड्यातील एक दिवस प्रत्यक्ष कामासाठी द्यावयाचा. कामाचे विभाग चार : अभियांत्रिकी, ऊर्जा व पर्यावरण, शेती व पशुपालन, आणि गृह व आरोग्य. प्रत्येक मुलाने चारही विभागांतून जावयाचे. मुलगा म्हणून स्वयंपाकातील पोषणशास्त्र टळत नाही, आणि मुलगी म्हणून वेल्डिंग वा सुतारकाम सुटत नाही. राज्याच्या माध्यमिक शिक्षण मंडळाने या विषयास पुढे मान्यता दिली, आणि पाबळबाहेरच्या अनेक शाळांनीही तो स्वीकारला.

या शिक्षणाचे स्वरूप एका उदाहरणाने स्पष्ट होईल. गायीस किती चारा घालावा हे तिच्या वजनावर अवलंबून असते; परंतु गोठ्यात काटा कोठून आणावयाचा? विद्यार्थी साधी टेप घेतात. पुढील पायांच्या लगेच मागे छातीचा घेर मोजतात. खांद्याच्या टोकापासून शेपटीच्या बुडाजवळील पुढे आलेल्या हाडापर्यंत लांबी मोजतात. ही मापे इंचांत घेऊन घेराचा वर्ग करावा, त्यास लांबीने गुणावे आणि ६६० ने भागावे. म्हणजे अंदाजे वजन किलोग्रॅममध्ये मिळते. घेर ६० इंच व लांबी ५० इंच असल्यास वजन सुमारे २७३ किलो भरते. अशा देशी गायीस वजनाच्या अडीच टक्के, म्हणजे दररोज पावणेसात किलोच्या आसपास शुष्क पदार्थ चाऱ्यातून व खुराकातून मिळावयास हवा. वर्ग आणि भागाकार ही फळ्यावरील कंटाळवाणी आकडेमोड येथे घरच्या गायीच्या पोटापर्यंत पोहोचते, आणि मग ती विसरली जात नाही.

हीच गोष्ट बियाण्याची. शंभर दाणे ओल्या गोणपाटात ठेवून किती उगवतात हे मोजले की टक्केवारी निराळी शिकवावी लागत नाही. सोयाबीनची उगवण ७० टक्क्यांहून कमी आढळली, तर ते बियाणे पेरावे की बदलावे, हा विचार मुलगी घरी वडिलांशी करू लागते. पर्जन्यमापक तयार करणाऱ्या मुलास उमगते की १ मिलिमीटर पाऊस म्हणजे दर चौरस मीटरला १ लिटर पाणी. म्हणजे १०० चौरस मीटर छपरावर १० मिलिमीटर पाऊस झाला, तर १,००० लिटर पाणी पडले.

गाव हीच प्रयोगशाळा

या पद्धतीचे दुसरे वैशिष्ट्य असे की, विद्यार्थ्यांचे काम वहीत मिटून राहत नाही. ते गावाच्या उपयोगी पडावे अशी अपेक्षा असते. शाळेचा बाक दुरुस्त करणे, रोपे तयार करणे, मातीचे परीक्षण करणे अशी कामे गावाच्या गरजेतून निघतात. भूगर्भातील पाण्याचा शोध विद्युत्‌रोधमापनाने घेण्याचे शिक्षणही आश्रमाने ग्रामीण तरुणांस दिले. शिकविणारेदेखील बहुधा गावातीलच कसबी लोक असतात. ज्याच्या हाती कला आहे पण पदवी नाही, असा कारागीर शाळेत गुरुजी म्हणून उभा राहतो, तेव्हा श्रमाची प्रतिष्ठा वेगळी सांगावी लागत नाही.

हा विचार आपल्या भूमीस नवा नव्हे. १९३७ साली वर्धा येथील शिक्षण परिषदेत महात्मा गांधींनी उद्योगाद्वारे शिक्षणाची कल्पना मांडली. १९६४ ते १९६६ या काळात काम करणाऱ्या कोठारी आयोगाने कार्यानुभवाची शिफारस केली. त्या आयोगाचे सचिव जे. पी. नाईक यांनी स्थापिलेल्या भारतीय शिक्षण संस्थेचेच विज्ञान आश्रम हे एक केंद्र होय. डॉ. कलबाग २००३ साली निवर्तले. परंतु त्यांनी घालून दिलेली वाट त्यांच्याबरोबर संपली नाही.

आपण काय करावे?

अडचणी नाहीत असे नव्हे. कार्यशाळेस जागा लागते, हत्यारे लागतात, निदेशकांचे मानधन वेळेवर द्यावे लागते. शिवाय “परीक्षेच्या वर्षी हे कशाला?” असे विचारणारे पालकही असतातच. या प्रश्नाचे उत्तर शाळेने एकटीने देऊन भागणार नाही. शेतकरी बंधूंनी आपल्या गावच्या शाळेस दोन-चार गुंठे जमीन वापरावयास द्यावी. कलम बांधणाऱ्याने, इंजिन दुरुस्त करणाऱ्याने महिन्यातून एक दुपार मुलांसाठी राखून ठेवावी. ग्रामसेवकाने आणि कृषी सहायकाने माती परीक्षणाचे काम मुलांच्या हातून करवून घ्यावे.

शिकलेली सारीच मुले शेतीत राहतील असे नाही, आणि राहावीत असा आग्रहही नसावा. परंतु जो राहील तो नाइलाजाने न राहता जाणतेपणाने राहावा, आणि जो जाईल त्याने रिकाम्या हातांनी जाऊ नये, एवढे तरी गावच्या माध्यमिक शाळेने साधावयास हवे. पाबळच्या प्रयोगाचे मोल यातच आहे.