वर्दी उतरल्यानंतरचे पी. सी. लाल

लष्करात मेजर जनरल 58व्या वर्षी निवृत्त होतो, लेफ्टनंट जनरल 60व्या. हजारो माणसं आणि कोट्यवधींची सामग्री सांभाळलेला माणूस धडधाकट प्रकृतीनिशी घरी येतो. कंपन्यांना तो हवाच असतो; प्रश्न एवढाच, की कशासाठी? पुष्कळदा हवा असतो तो हुद्दा. संचालकांच्या यादीत तो शोभून दिसतो आणि दिल्लीतल्या कचेऱ्यांची दारं जरा लवकर उघडतात. निवृत्तीनंतर लगेच खासगी नोकरी धरायची तर वरिष्ठ अधिकाऱ्याला सरकारची परवानगी घ्यावी लागते, ती याच कारणासाठी.

हुद्द्याची ही किंमत किती टिकते, हे फील्ड मार्शल माणेकशा यांच्या एका किश्शातून कळतं. निवृत्तीनंतर ते कुन्नूरला राहिले आणि काही कंपन्यांच्या संचालक मंडळांवरही होते. एका कंपनीत मालकीवरून रस्सीखेच झाली, मंडळ बदललं आणि माणेकशांच्या जागी नाईक आडनावाचे गृहस्थ आले. एका ‘नाईका’नं फील्ड मार्शलला हटवल्याचा इतिहासातला हा पहिलाच प्रसंग, असं माणेकशा म्हणाल्याचं सांगतात. सैन्यात नाईक म्हणजे हवालदाराच्याही खालचा हुद्दा!

माणेकशा सेनाप्रमुख असताना, 1971च्या युद्धात, हवाई दलाची सूत्रं एअर चीफ मार्शल प्रतापचंद्र लाल यांच्याकडे होती. जानेवारी 1973 मध्ये दोघेही एकाच सुमारास निवृत्त झाले. पण लाल यांचा पुढचा मार्ग निराळा आणि बराच खडतर होता.

लुधियानाचे लाल 1939 मध्ये हवाई दलात आले. दुसऱ्या महायुद्धात ब्रह्मदेशच्या आघाडीवर त्यांनी 7 क्रमांकाच्या स्क्वाड्रनचं नेतृत्व केलं आणि ‘डिस्टिंग्विश्ड फ्लाइंग क्रॉस’ मिळवला. मात्र नागरी कारभाराची ओळख त्यांना वर्दीत असतानाच झाली होती. 1950च्या दशकाच्या उत्तरार्धात सरकारनं त्यांना प्रतिनियुक्तीवर इंडियन एअरलाइन्सचं सरव्यवस्थापक केलं. परत आल्यावर संरक्षणमंत्री कृष्ण मेनन यांच्याशी त्यांचं बिनसलं आणि 1962 मध्ये घरी जायची वेळ आली. चीनचं युद्ध झालं, मेनन गेले, लाल राहिले. पुढे 1966 ते 1969 ते हिंदुस्थान एरोनॉटिक्सचे प्रमुख होते. आपल्या नाशिकजवळच्या ओझरला मिग-21चं उत्पादन मार्गी लागत होतं, तो हा काळ. म्हणजे दलप्रमुख होण्याआधीच या माणसानं विमान चालवलं होतं, विमान कंपनी चालवली होती आणि विमानांचा कारखानाही.

निवृत्तीच्याच वर्षी ते इंडियन एअरलाइन्सचे अध्यक्ष झाले. 1953 मध्ये आठ खासगी कंपन्या एकत्र करून उभं केलेलं हे महामंडळ तेव्हा पुरतं जेरीला आलं होतं. विमान कंपनीचं गणित तसं सरळ आहे. विमान हवेत असतं तेव्हाच कमावतं. जमिनीवर उभं असताना कर्जाचं व्याज, विमा आणि पगार खातं. त्यामुळे दिवसभर उड्डाणं आणि तपासणी-दुरुस्ती रात्री, हे किफायतशीर. शेवटचं विमान उतरलं की मेकॅनिकांनी चाकं, ब्रेक, इंजिनं बघायची, नोंदवहीत सही व्हायची आणि पहाटेच्या फेरीला तेच विमान पुन्हा उभं राहायचं. यासाठी पाळ्या बदलणं भाग होतं आणि पाळ्यांनाच संघटनांचा विरोध होता. त्यात ऑक्टोबर 1973 मध्ये अरब देशांनी तेल रोखलं आणि इंधनाचे भाव भडकले.

नोव्हेंबर 1973 मध्ये लाल यांनी टाळेबंदी जाहीर केली. सरकारी कंपनीनं आपल्याच कामगारांना दार बंद करावं, हे त्या काळी अघटितच. लष्करी खाक्याचा माणूस, असा शिक्का त्यांच्यावर बसला. कामगारांची बाजूही पोकळ नव्हती. रात्रपाळीनं बिघडते ती त्यांच्या घरची घडी. पण टाळेबंदी उठल्यावर नव्या पाळ्या लागू झाल्या आणि कंपनीची गाडी रुळावर आली. 1975 मध्ये मोठ्या एअरबस ए-300 विमानांची मागणी नोंदवली गेली. पहिली विमानं पुढच्याच वर्षी आली.

तोवर आणीबाणी आली होती. 1976 मध्ये लाल यांना पद सोडावं लागलं. त्या काळातला बोइंग 737 खरेदीचा व्यवहार पुढे आणीबाणीतल्या गैरप्रकारांची चौकशी करणाऱ्या शहा आयोगानं तपासला. कामगारांपुढे न नमलेल्या लाल यांचं दिल्लीपुढे मात्र काही चाललं नाही.

यानंतरचा प्रसंग मुंबईशी जोडलेला आहे. लाल टाटा समूहात, जमशेदपूरच्या इंडियन ट्यूब कंपनीत वरिष्ठ पदावर गेले. 1 जानेवारी 1978 रोजी एअर इंडियाचं ‘एम्परर अशोक’ हे जंबो विमान मुंबईहून उडालं आणि वांद्र्यासमोर समुद्रात कोसळलं. 213 जण गेले. महिन्याभरात मोरारजी देसाई सरकारनं 1953 पासून एअर इंडियाचे अध्यक्ष असलेल्या जे. आर. डी. टाटा यांना हटवलं आणि त्यांच्या जागी नेमलं ते लाल यांना! टाटांच्याच नोकरीतला माणूस टाटांच्या खुर्चीवर. जेआरडींना ही बातमी सरकारकडून नव्हे, लाल यांच्याकडून समजली. निषेध म्हणून व्यवस्थापकीय संचालक अप्पुस्वामी यांनी राजीनामा दिला. दोष होता सरकारच्या रीतीचा. अवघडलेपण मात्र लाल यांच्या वाट्याला आलं. 1980 मध्ये सरकार बदललं आणि जेआरडी संचालक मंडळावर परतले, पण अध्यक्ष म्हणून नव्हे.

लाल 1982 मध्ये वारले. हवाई दलातल्या वर्षांवरचं त्यांचं पुस्तक त्यांच्या पश्चात, 1986 मध्ये प्रसिद्ध झालं.

आता निवृत्तीच्या उंबरठ्यावरच्या अधिकाऱ्यांसाठी व्यवस्थापन संस्थांमधून अभ्यासक्रम चालतात. संरक्षण मंत्रालयाचं पुनर्वसन महासंचालनालय त्यांची सोय करतं. ते चांगलंच आहे. पण कोणताही अभ्यासक्रम एक गोष्ट शिकवू शकत नाही. सैन्यात वरून आलेला हुकूम खाली पाळला जातो. कंपनीत खालून संघटना ओढते, वरून मंत्री ओढतो आणि हिशेबवही कुणाचंच ऐकत नाही. लाल त्यात टिकले ते चार ताऱ्यांच्या जोरावर नव्हे, तर धंद्याची जाण त्यांनी वर्दीत असतानाच कमावली होती म्हणून. निवृत्त जनरलला संचालक मंडळावर बोलावणाऱ्या उद्योजकांनी त्याचं नाव लेटरहेडवर छापण्याआधी त्याच्यापुढे ताळेबंद ठेवावा. तो वाचून जो चार अडचणीचे प्रश्न विचारील, त्यालाच घ्यावं.